फळी अडकली, आबाजी परत गेले

मेश्रामच्या बोटीचे किस्से आम्ही काही ठरवून साठवले नाहीत. पवनीत माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक पातळ बघायला बसतं, घडी उलगडता उलगडता मी एक किस्सा सांगतो, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भाऊ, तो एक्स-रेवाला सांगा ना!" पातळ राहतं बाजूला. आमच्या सौ.चं म्हणणं असं, की ही बोट पाण्यात कमी आणि दुकानात जास्त चालली. खोटं नाही ते. पण एवढे साठलेच आहेत तर एकदा ओळीनं सांगून टाकतो. चहा सांगा कोणीतरी.

*

मेश्राम माझा शाळेतला मित्र. शाळा संपली तसा नेव्हीत गेला, पंधरा वर्षं समुद्रावर काढली आणि पेन्शन घेऊन परत आला. तोवर गोसीखुर्दच्या धरणात त्याचं गाव बुडालेलं. घरचे सगळे पुनर्वसनाच्या नव्या गावात राहायला गेलेले, धानाची थोडी शेती उरलेली. एके दिवशी त्याचा फोन आला, "सोनकुसरेभाऊ, बोट आणली. पाहाले या."

मी आणि ठवकर गेलो. ठवकर आमचा तिसरा गडी. त्याची गावात एक्स-रे काढायची खोली आहे, त्यामुळे अर्ध्या तालुक्याची हाडं त्याला नावानिशी ठाऊक.

धान वाहायच्या ट्रॉलीवर ताडपत्रीखाली बोट होती. कुठल्यातरी बंद पडलेल्या बोट क्लबची, लिलावातली. शिडाची! गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तलाव त्यांच्याकडे जास्त गेले की आपल्याकडे जास्त राहिले, यावर आमच्या दुकानात अजून भांडणं होतात. पण शिडाची बोट ना इकडे कोणी पाहिली होती ना तिकडे.

मेश्रामनं बोट समजावून सांगितली. मधोमध एक अरुंद उभी पेटी. पेटीत लाकडी फळी. तिला म्हणायचं सेंटरबोर्ड. दोरी सोडली की फळी बोटीच्या पोटातून खाली पाण्यात उतरते, दोरी ओढली की वर येते. फळी खाली असली तरच शिडाची बोट सरळ जाते. फळी नसली तर वारा बोटीला आडवं ढकलत नेतो. "सगळा खेळ या फळीचा हाय," मेश्राम म्हणाला. त्यानं दोरी सोडून दाखवली.

फळी खाली आली नाही.

"गंजली असंल," ठवकर म्हणाला.

"लाकूड हाय ते!"

तेव्हा मला शंका आली. मी विचारलं, "मेश्राम, तू नेव्हीत नक्की काय होता रे?"

"कुक."

"मंग बोट चालवाले कुठं शिकला?"

"रविवारी साहेब लोक शिडाची बोट काढत. वारा जास्त असला की ती एकीकडे कलते. मंग दुसऱ्या बाजूले जड माणूस बसवा लागते. मी बसत होतो."

"म्हणजे वजन म्हणून!"

"वजनाले डोळे असतात ना, भाऊ!"

*

आता हा माणूस बोट घ्यायला का गेला, ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मेश्रामचे वडील, आम्ही त्यांना आबाजी म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, कान चांगले, डोळ्यात मोतीबिंदू, जीभ आमच्या तिघांपेक्षा तिखट. त्यांना एकदा जुन्या गावाला जायचं होतं. गाव म्हणजे आता नुसतं पाणी. पाण्यातून विजेच्या खांबांचे शेंडे तेवढे दिसतात. तरी जायचं होतं.

मेश्राम म्हणाला, मोटारबोट सांगतो. आबाजी म्हणाले, नाही. पाणी अंगणात शिरलं तेव्हा त्यांना आणि त्यांच्या बायकोला मोटारबोटीनंच उचलून आणलं होतं. नव्या गावात आल्यावर वर्षभरात आजीबाई गेल्या. "ज्या गाडीनं घरातून आणलं, त्या गाडीनं घरी जात नाई मी," आबाजी म्हणाले. विषय संपला.

मग मासे धरणाऱ्या ढीवरांचा डोंगा? "डोंग्यात उकिडवं बसा लागते. माह्ये गुडघे कोठी वाकतात!"

म्हणून शिडाची बोट. आवाज नाही, आणि बसायला बाक आहे.

आजीबाई मी पाहिल्या होत्या. त्यांची एक रीत होती. घरी आलेला माणूस न जेवता निघाला, की त्याच्या चपला सापडायच्या नाहीत. बाई लपवून ठेवायच्या! चुलीमागे, धानाच्या कोठीत, एकदा तर गाईच्या गव्हाणीत. जेवून हात धुतले की चपला आपोआप दारात. मी स्वतः दोनदा अनवाणी बसून जेवलो आहे. घर खाली करायची नोटीस घेऊन जो माणूस आला होता, त्याचे बूटसुद्धा लपवले होते बाईंनी. गाव शिव्या देत होतं आणि नोटीसवाला आत बसून लाखोरीच्या डाळीचे वडे खात होता. आबाजी चिडले, तर बाई म्हणाल्या, "नोटीस त्याची हाय, भूक त्याची नाई का?"

*

पहिली फेरी. कुठूनतरी हातोडी मारून मेश्रामनं फळी निम्मी खाली आणली होती. आबाजी पांढरं धोतर, पांढरा सदरा, काठी आणि हातात डबा अशा थाटात काठावर आले. डब्यात सुनेनं, म्हणजे आमच्या रंजनावहिनींनी, भात आणि लाखोरीचे वडे दिले होते. ठवकरला वास आला. तो म्हणाला, "आबाजी, एक वडा इथंच होऊन जाऊ द्या."

"हात नोको लावू. हे तिकडचे हायत."

"तिकडचे म्हणजे?"

"घरी जाऊन खाची चीज हाय. काठावर खात नसतात."

मेश्राम म्हणाला, आधी आम्ही तिघं एक चक्कर मारून येतो, मग तुम्ही बसा. शीड वर चढवलं. वारा भरला. बोट निघाली, अगदी ऐटीत. पन्नासेक हात गेलो असू, तोच पेटीत फळी सुर्रकन वर गेली आणि वरच अडकून बसली. झालं! बोटीचं तोंड गोसीखुर्दकडे आणि बोट चालली पवनीकडे. मेश्राम सुकाणू फिरवतोय, मी फळीवर पायानं दाबतोय, ठवकर कोणत्या देवाचं नाव घ्यावं ते ठरवतोय. आम्ही आडवेच्या आडवे म्हशींच्या कळपात शिरलो. म्हशी बाजूला झाल्या नाहीत. म्हशींना काय, त्यांना वाटलं नवीन म्हैस आली.

बोट ओढत ओढत काठावर आणली. आबाजी डोळ्यांवर हात धरून सगळं बघत होते. मुलाला म्हणाले, "बापू, हा डोंगा तोंडानं जाते का कुशीनं?"

आणि डबा घेऊन घरी गेले.

*

पुढची चूक माझी. कबूल करतो.

आमचं घराणं विणकरांचं. आता घरात माग नाहीत, पण लहानपणी पाहिलेलं विसरत नाही. दोरा अडायला लागला की आजोबा त्याला मेण चोळायचे. माझ्या डोक्यात आलं, फळीलाही मेणच पाहिजे. मेश्रामला म्हटलं, "तुझी नेव्ही राहू दे बाजूला, आता कोष्टी काय करते ते पाहा."

चांगलं मधमाशीचं मेण आणलं. बोट आडवी केली, फळी ठोकून ठोकून बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी मेण चोळलं. एवढं चोळलं की फळीत तोंड दिसावं. फळी दोरी सोडताच खाली, ओढताच वर. ठवकरनं टाळ्या वाजवल्या. मी दोन दिवस दुकानात कॉलर ताठ करून बसलो.

आता एप्रिलमध्ये आमच्याकडचं ऊन काय असतं, हे मी या मातीत वाढलेला माणूस विसरलो कसा, ते मलाही सांगता येत नाही. बोट रेतीवर, दोन दिवस उघड्यावर. मेण पातळ झालं, फळीवरून खाली ओघळलं, पेटीत साचलं. त्यात वाऱ्यानं रेती भरली. रात्री गार होऊन सगळं घट्ट झालं. तिसऱ्या दिवशी आबाजी धोतर-सदरा-डबा घेऊन आले, मेश्रामनं दोरी सोडली आणि फळी जागची हलेना. चाकूनं टोकरून बघितलं तर आतून मेण-रेतीचा तुकडा निघाला. दिसायला अगदी तिळाच्या चिक्कीसारखा.

आबाजींनी तो हातात घेतला, वास घेतला आणि मला परत दिला. "सोनकुसरे, कापडाच्या धंद्यात राम नसंल तर हे जत्रेत ठेव."

डबा घेऊन घरी.

*

हां, आता एक्स-रेवाला.

पेटी आणि फळी यांच्यामध्ये जागा किती? करंगळी जाईल एवढीही नाही. आतली रेती काढायला काहीतरी पातळ, लवचिक, पण न फाटणारं पाहिजे. पत्रा वाकतो, कागद भिजतो, बांबूची कमची जाड पडते. ठवकर एकदम उठला, गाडीकडे गेला आणि पिशवीतून एक्स-रेची फिल्म घेऊन आला. काळी, मोठी, चांगली कडक.

"हे पाहा माझं हत्यार!"

आणि काय सांगू, चाललं ते! फिल्म आत सरकवायची, करवतीसारखी वरखाली करायची, की रेती भुरूभुरू खाली. आम्ही खूष. शेवटचा थर राहिला होता. ठवकरला जोर चढला. त्यानं फिल्म पार आत घातली आणि ती आतच अडकली. म्हणजे आता फळी अडकलेली आणि फळीच्या बाजूला एक्स-रेही अडकलेला. आबाजी डबा घेऊन कधी निघून गेले, ते कळलंसुद्धा नाही.

फिल्म दुसऱ्या दिवशी निघाली. तोवर कोंढ्याचे एक काका ठवकरच्या दारात हजर. "माह्या कमरीचा फोटो द्या. नागपूरच्या डॉक्टरकडे जाऊन राहिलो."

ठवकरनं पिशवी पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. बोटीत गेलेली फिल्म काकांची होती!

खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही. फिल्म धुतली, पुसली, वाळवली आणि पाकिटात घालून दिली. आठ दिवसांनी काका परत आले. ठवकर मागच्या दारानं पळायच्या बेतात होता, पण काका शांत होते. म्हणाले, "डॉक्टरनं फोटो लय वेळ उजेडात धरला. मंग मले विचारलं, 'काका, तुम्ही पडले कुठे होते?' मी म्हटलं, घरी, न्हाणीत. तर मनते, 'मग कमरेत नदीची रेती कुठून आली?'"

ठवकरनं त्यांचा दुसरा एक्स-रे फुकट काढून दिला. आणि तेव्हापासून बोटीच्या कामाला तो स्वतःच्याच छातीचा एक्स-रे जवळ ठेवतो.

*

पावसाळ्यात बोट बंद. मेश्रामनं ती घरामागे पडवीत नेऊन ठेवली. त्या वर्षी धान पेरायच्या दिवसांत मेश्राम कामासाठी आठ-दहा दिवस सानगडीला गेला होता. बियाणं भिजत घालायला रंजनावहिनींना मोठं भांडं पाहिजे होतं. टाकी फुटलेली. पडवीत बोट रिकामी. पाण्यात तरंगणारी वस्तू पाणी आत धरायलाही चालणारच, हा वहिनींचा हिशेब काही चूक नव्हता. त्यांनी बोटीत पाणी भरलं आणि पोतंभर धान भिजत घातलं.

टोपलीनं धान उपसताना मूठ-दोन मूठ दाणे पेटीच्या फटीत पडले. कोणाच्या लक्षात येणार! भिजलेला दाणा फुगतो, फुगला की मोड येतात. बाहेरच्या दाण्याचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, शेतात उगवले, आतल्या दाण्याचे पेटीत. मेश्राम परत आला तेव्हा बोटीच्या मधोमध हिरवागार तुरा उभा होता.

मेश्रामनं कपाळाला हात लावला. "रंजना, हे काय करून ठेवलं!"

वहिनी काय कमी? "काय करून ठेवलं म्हणजे? तुमच्या बोटीत वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी वर आलं!"

मी आणि ठवकर धावत गेलो. फळी आता दाण्यांनी, मुळांनी आणि जुन्या मेणानं अशी बसली होती की जणू झाडच. मेश्राम ते पऱ्हे उपटायला गेला, तर वहिनींनी हात धरला. "उपटू नोका. धान हाय ते. चार दिवस ठेवा, मंग बांधीत लावू."

आबाजी खाटेवरून उठून आले. काठीनं बोटीला टकटक केलं. मग मुलाकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, "मंग? रोवणीले बाया सांगून ठेवू का?"

*

अडकलेली फळी सोडवायचा एक खात्रीचा उपाय आहे, असं मेश्रामला नेव्हीतल्या जुन्या साहेबानं फोनवर सांगितलं. बोट पाण्यात मुद्दाम उलटी करायची, बूड वर आलं की फळीचं टोक खालच्या बाजूनं धरायचं आणि ओढायचं. काठाजवळ उलटी केली तर शिडाची काठी तळाला टेकते, म्हणून हे खोल पाण्यात करायचं.

आम्ही केलं. आबाजी काठावर दगडावर बसलेले, डबा मांडीवर. आम्ही पन्नास-साठ हात आत गेलो, तिघांनी जॅकेटं घातली आणि बोट उलटी केली. मेश्राम बुडाला धरून वर चढला. मी त्याचे पाय धरले. ठवकरला पोहता येत नाही, म्हणून तो दोरीला धरून नुसता ओरडत होता. काय ओरडायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून तो "ए ए ए" एवढंच ओरडत होता.

आता हे लांबून कसं दिसत असेल, याचा आम्ही विचार केला नाही. पुलावरून जाणाऱ्यांनी गाड्या थांबवल्या. कोणीतरी फोटो काढला. पाच मिनिटांत मोबाइलवर बातमी, "पवनीजवळ नाव उलटली, तिघे बुडाले." माझ्या सौ.ला सांत्वनाचे फोन सुरू! एक नातेवाईक रडत रडत म्हणाली, "वहिनी, धीर धरा." सौ. म्हणाली, "धीर धरते, पण तो माणूस मरताना दुकानाची चावी खिशात घेऊन गेला असंल तर काय करू?" बाईनं नंतर तीन दिवस माझ्याशी अबोला धरला, तेव्हा कळलं की तो फोन ठेवून ती किती रडली होती.

काठावर माणसांची ही गर्दी. बाया डोळ्यांना पदर लावून उभ्या. एकानं आबाजींना ओळखलं, त्यांच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आबाजी, तुमचा मुलगा..."

आबाजींनी त्याचा हात खांद्यावरून बाजूला केला.

"बुडाले नाई गा. दुरुस्ती चालू हाय."

*

फळी काही तेव्हाही सुटली नाही. या सगळ्यात किती दिवस गेले ते आमच्या लक्षात नव्हतं, पण आबाजींच्या होतं. दिवाळीच्या आधी त्यांना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होते. आम्ही भेटायला गेलो तर खूप वाळलेले दिसले. धोतर-सदरा घडी करून उशाशी ठेवलेला. आम्ही नेहमीप्रमाणे हसवायला गेलो. मेश्राम म्हणाला, "बाबा, आता पुढच्या महिन्यात नक्की."

आबाजी छताकडे पाहत होते. म्हणाले, "तुमची फळी अडकून रायते. मी नाई अडकणार, सांगून ठेवतो."

कोणी हसलं नाही. बाहेर आल्यावर मेश्राम गाडीला टेकून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. पंधरा वर्षं दुसऱ्यांना जेवू घातलं, बाप मागतो ती एक गोष्ट देता येत नाही, असं काहीतरी बोलत होता.   ठवकर घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साकोलीच्या एका सुताराला गाडीवर मागे बसवून घेऊन आला.

सुतारानं जुनी फळी करवतीनं कापून काढली. पेटी आतून कानशीनं साफ केली. सागाची नवी फळी केली, चहूकडून जराशी बारीक. मेण नाही, तेल नाही, काही नाही. आम्ही आठ दिवस रोज बोट पाण्यात नेली. दोरी सोडली की फळी खाली, ओढली की वर. शंभर वेळा करून पाहिलं. एकदाही अडकली नाही. मेश्रामनं पेटीवर ताडपत्री शिवून बसवली आणि वहिनींना हात जोडून सांगितलं, "यात धान नोको, गहू नोको, काहीच नोको!"

*

आणि मग ती सकाळ.

थंडी पडलेली, ऊन कोवळं, वारा बेताचा. आबाजी धोतर-सदऱ्यात, वर शाल, हातात डबा. दोघांनी धरून बाकावर बसवलं. समोर उभ्या असलेल्या वहिनींना "जय भीम, सूनबाई" म्हणाले, जसे काही मुंबईला निघालेत. मेश्रामनं शीड वर घेतलं. फळी खाली सोडली. बोट निघाली, आणि तोंडानं निघाली!

तासभर गेलो.  पाण्याचा बोटीला लागून होणारा आवाज तेवढा येत होता. मग खांब दिसायला लागले, पाण्यातून वर आलेले, तारा नसलेले, एकेका शेंड्यावर पाणकावळा. आबाजी ताठ बसले. डोळ्यांनी त्यांना किती दिसत होतं कोण जाणे, पण प्रत्येक खांब जवळ आला की मला विचारायचे, "खांबाले वाकडा पत्रा हाय का?" मी हो किंवा नाही म्हणालो की ते सांगायचे, "हा विहाराजवळचा." मग, "हा पाटलाच्या दारातला." तिसऱ्या खांबाजवळ म्हणाले, "आता डाव्या हाताले घे बापू, आपल्या अंगणात. हळू. बैलगाडी वळवतो तसं."

मेश्रामनं बोट डावीकडे घेतली.

खट्ट!

बोट जागच्या जागी थांबली. शीड वाऱ्यानं भरलेलं आणि बोट हलायला तयार नाही. मेश्रामनं घाईनं शीड उतरवलं आणि दोरी ओढली. फळी वर येईना. मी ओढली. दोघांनी ओढली. आजवर फळी अडकली ती नेहमी वर अडकली. खाली अडकायची ही पहिलीच वेळ. शंभर वेळा चाललेली नवी फळी! मेश्रामचा चेहरा मला बघवेना.

ठवकरनं पिशवीतून आपल्या छातीचा एक्स-रे काढला आणि पेटीत सरकवला. तो सरसर सगळ्या बाजूंनी फिरला. पेटीत कणभरही काही नव्हतं. म्हणजे जे काही धरून होतं ते पेटीत नव्हतं, खाली पाण्यात होतं. मेश्राम सदरा काढायला लागला. म्हणाला, "मी खाली जाऊन पाहतो."

"कायले?" आबाजी म्हणाले.

"बाबा, फळी अडकली. कायतरी धरून ठेवलं खालून."

आबाजी हसत होते. आजारपणानंतर पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहत होतो. त्यांनी बोटीच्या कडेवरून वाकून पाण्यात पाहिलं. मग डबा मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं.

"ठवकर, तुले वडा पायजे होता ना? घे. सोनकुसरे, तू बी घे. बापू, सदरा घाल आन् बस जेवाले."

"बाबा, आधी फळी..."

"जेवल्याबिगर चपला भेटत नसतात, इसरला का?"

आम्ही चौघं जेवलो. भात गार झाला होता, वडे मात्र कुरकुरीत होते.  पाणकावळा खांबावरून आमच्याकडे पाहत होता. डबा रिकामा झाला तसा आबाजींनी पाण्यात हात घालून धुतला. हात जरा वेळ पाण्यातच ठेवला. मग शालीला पुसला.

"आता ओढ," ते म्हणाले.

मेश्रामनं एका हातानं दोरी ओढली. फळी वर आली.

ठवकरनं एक्स-रे पिशवीत ठेवून दिला.